टाचण्या

डंडीत डिसेंबरमध्ये दुपारी साडेतीनलाच दिवे लावावे लागतात.
दिवाळं हा शब्द इथे कुणाला
फोडून सांगावा लागत नाही.

पेट्री अँड डॉटर, लग्नाचे पोशाख.
पाटीवरचं स्थापनेचं साल समुद्राच्या वाऱ्याने खाल्लेलं.
मी लिक्विडेटरची कारकून,
माझ्याजवळ किल्ल्यांचा जुडगा
आणि दाराला चिकटवायची नोटीस.
मोजते: शिलाई यंत्रं अकरा, एक बंद.
आरसे तीन. त्यातल्या एकात बाई जरा बारीक दिसते,
ती चलाखी मालमत्तेत धरता येत नाही.

कायद्याची पंगत ठरलेली असते.
पहिल्या पाटावर बँक, इमारत तिच्याकडे गहाण.
मग शिंपिणींचा थकलेला पगार, आठशे पौंडांपर्यंत,
त्यावरचा ज्याच्या त्याच्या नशिबावर.
मग सरकार. मग पुन्हा बँक, दुसऱ्यांदा वाढून घ्यायला.
उरलंसुरलं एका ताटात बाकी सगळ्यांना:
नॉटिंगहॅमचा लेसवाला, वीज कंपनी,
आर्ब्रोथहून बटणं पाठवणारी मिसेस स्पिंक,
आणि आगाऊ पैसे भरून बसलेल्या बत्तीस वधू.
हॅमिश गौर्ली, ज्याने जहाजावर कांदे सोलून जमवलेली पुंजी
पेट्रीच्या शेअरांत घातली,
त्याला पंगत उठल्यावर बोलावतात. खरकटं काढायला.

वरच्या मजल्यावर पोशाख, एकतीस,
काही बिनबाह्यांचे, काही बिनझालरीचे,
आणि प्रत्येकाच्या काखेखाली टाचणीने लावलेलं एक नाव.

नियम असा:
ज्या कापडावर गिऱ्हाइकाचं नाव, ते गिऱ्हाइकाचं.
नाव नुसतं वहीत असेल तर कापड पंगतीचं.
म्हणजे सगळा निवाडा एका टाचणीच्या टोकावर.

या गावात टाचणी दोन महिन्यांत गंजते.
या चकचकत होत्या.
अक्षर एकच, शाई एकच, निळी.
एक चिठ्ठी उलटून पाहिली:
मागे नोव्हेंबरच्या पगाराचा आकडा, अर्धा फाटलेला.
आय. डार्गी. न मिळालेला.

इशबेल डार्गी खिडकीशी उभी होती.
ओठांत अजून चार टाचण्या,
मनगटावर पिनांची गादी.
तोंडात टाचण्या असताना बोलायचं नाही,
हे वळण तिला सव्वीस वर्षांचं.
मीही काही विचारलं नाही.
हे पोशाख विकले जाते
तर तिच्याही आठशेवरच्या पगाराला
त्यातले चार पैसे आले असते.
स्वतःच्या ताटातलं तिने उचलून ठेवलं होतं,
पण ताट सामाईक, घास शेजारचेही गेले.

सगळ्यांना सारखं, ही गोष्ट दिसते थंड.
वीस वर्षांत मला तिच्याइतकी कनवाळू दुसरी सापडलेली नाही.
ओरडणाऱ्याला जास्त नाही, मालकाच्या मेव्हण्याला आधी नाही.
हे सगळं मला पाठ होतं.
मी पेन उघडून लिहिलं:
पोशाख एकतीस. नावं लावलेली आढळली.
कधी लावली, असा रकाना फॉर्मवर नाही.

बत्तिसावी, रोना गेडीज. तिचं साटीन अजून गुंडाळीत,
कात्री लागलेली नव्हती, टाचायचं कशाला?
ती जानेवारीत आली, मैत्रिणीचा पोशाख झाला म्हणाली,
माझा का नाही?
मी तिला नियम सांगितला.
तिने तो नीट ऐकून घेतला, हे जास्त वाईट.

मार्चमध्ये हिस्सा वाटला,
पौंडामागे चार पेनी.
मिसेस स्पिंकचं पत्र आलं, रेघा मारलेल्या कागदावर:
तुमच्या पहिल्या अंदाजात सहा होते,
चारच का?

मी तिला हिशेब पाठवला.
बेरीज दोनदा तपासून.
बरोबर होती.